कोवळा पोपट सालासकट

चहा घ्या आधी, मग हसा. एकदा हसायला लागलात की कप हातात राहायचा नाही, आणि ही सतरंजी कालच धुतली आहे.

माणसानं गाढवपणा जरूर करावा, पण निदान आपल्या विषयात तरी करू नये. गवंड्याची भाजी करपली तर कोणी नावं ठेवत नाही. मी बत्तीस वर्षं गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावात मराठी शिकवलं आणि माती खाल्ली ती नेमकी मराठीत. तीसुद्धा एका जर्मन मुलीसमोर!

आमच्याकडे बोलतात ती झाडीबोली. आणि मी तिचा वैरी म्हणून तालुक्यात प्रसिद्ध. वर्गात एखादा पोरगा दारातून ओरडायचा, "गुरुजी, मी येऊन राहिलो!" मी म्हणायचो, "आधी ये. राहायचं की नाही ते मग बघू." कोणी 'काऊन' म्हटलं की त्याला फळ्यावर दहा वेळा 'का' लिहायला लावायचो. एवढासा शब्द, पण हात दुखायचा बिचाऱ्यांचा.

घरी तरी वर्ग सुटावा ना! नाही. लग्न झाल्यावर दुसऱ्याच दिवशी माझी बायको इंदू दारात येऊन म्हणाली, "जेवाले चला जी."

मी म्हणालो, "जेवायला."

नवी नवरी, हातावरची मेंदी अजून ओली. ती खाली बघून म्हणाली, "जेवायला चला जी." भात गार झाला होता, पण व्याकरण सुधारलं होतं! केवढा अभिमान वाटला होता मला. आज आठवलं की स्वतःचाच कान धरावासा वाटतो.

तर झालं काय, माझा एक जुना विद्यार्थी नागपुरात प्राध्यापक आहे. त्याचा फोन आला. जर्मनीची एक मुलगी मराठी शिकायला आली आहे, सहा महिने पुण्यात होती, आता दोन महिने एखाद्या घरात राहायचं म्हणते. "सर, तुमचं घर सुचवलं आहे मी."

मागोमाग तिच्या जर्मन प्रोफेसरांचं पत्र आलं. इंग्रजीत, दोन पानी. पहिल्या पानावर माझा उल्लेख 'अनुभवी मराठी शिक्षक' असा होता. ते पान मी चार वेळा वाचलं. दुसऱ्या पानावर राहण्याजेवण्याच्या अटी असतील असं समजून ते न वाचताच कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवलं. हा खिळा लक्षात ठेवा.

मग मी इंदूला समोर बसवलं. "हे बघ, ती पोरगी इथं जे ऐकेल ते जर्मनीत जाईल. 'मले', 'तुले', 'करून राहिली' असलं काही तिच्या कानावर पडता कामा नये."

"मंग मी बोलू काय जी?"

"शुद्ध बोल."

"आन नाई जमलं तं?"

"मग कमी बोल," मी म्हणालो.

बायकोला 'कमी बोल' म्हणणारा नवरा जगात मी पहिला नसेन. पण आमची इंदू घरामागच्या वाडीत उभी राहून बोलली तर बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका तिकडून उत्तर देतात. तिला मी कमी बोल म्हणालो. आणि तिनं ऐकलं! हे सगळ्यात वाईट झालं.

क्लारा आली. पाठीवर तिच्याएवढीच लाल पिशवी, डोळ्यांवर चष्मा. दारातच हात जोडून म्हणाली, "नमस्कार काका. प्रवास सुखरूप झाला. आपली प्रकृती कशी आहे?"

अहो, 'प्रकृती'! माझ्या स्वतःच्या मुलानं कधी माझी प्रकृती विचारली नाही. तो पुण्याहून फोन करतो आणि "काय चाललंय?" म्हणतो. माझे डोळे भरून आले.

इंदूनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं, मिटलं. "या," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "बसा." आणि आत निघून गेली.

पुढचे आठ दिवस क्लारासमोर इंदूचे एकूण चार शब्द ऐकू आले. या, बसा, घ्या, झोपा. बोलता येत नव्हतं म्हणून ती वाढायची. पोळी संपली की पोळी, भात संपला की भात. माया सगळी हातातून चाललेली. आणि क्लारा प्रत्येक पोळीला "धन्यवाद, काकू" म्हणायची. पुण्यात शिकवलेलं असणार.

स्वयंपाकघरात इंदू मला हळूच विचारायची, "हे कला एवढे धन्यवाद काऊन देते जी? मले परकी समजते का?" क्लारा हे नाव तिच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनं कला करून टाकलं होतं. पण ते फक्त माझ्याजवळ. तिच्यासमोर कसं म्हणणार? अशुद्ध ना ते!

एकदा क्लारानं मला गाठलं. "काका, काकू माझ्याशी बोलत का नाहीत?"

आता काय सांगायचं? मी म्हणालो, "त्या जरा अबोल आहेत."

आणि नेमका त्याच क्षणी वाडीतून आवाज आला, "अवो बाई, तिकडं कायले धावून राहिली वो! कोंबडा इकडं परला ना!"

भिंतीवरची पाल दचकली. क्लारानं मान वळवली. "हे कोण?"

"शेजारीण," मी म्हणालो.

खोटं बोललो, कबूल आहे. ती लगेच वही घेऊन वाडीत गेली. तिला बघताच वाडी चिडीचूप. असं दोनतीनदा झालं. आपण गेलो की हसणं थांबतं, हे परक्या देशात आलेल्या पोरीला काय वाटत असेल, सांगा बरं? मला कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी तिला सामासिक शब्द शिकवण्यात गुंतलो होतो.

आता पोपटाकडे येतो.

दिवस थंडीचे. आमच्या वाडीत पेरूचं झाड आहे, त्यावर सकाळी पोपटांचा थवा उतरतो. क्लारा रोज शाल गुंडाळून तिथं बसायची. एका दुपारी ताटावर बसल्या बसल्या ती आपणहून म्हणाली, "मला पोपट फार आवडतात."

इंदूचा चेहरा असा उजळला म्हणता! आठ दिवसांत पोरीनं पहिल्यांदा काहीतरी आवडतं असं सांगितलं होतं.

तुम्ही आमच्या भागातले असाल तर एव्हाना हसायला लागला असाल. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि वाडीच्या कुंपणावर वाल लावतात. त्या हिरव्या, चोचीसारख्या वाकड्या शेंगांना आम्ही पोपट म्हणतो. वांगं घालून पोपटाची भाजी केली की थंडीत दुसरं काही नको. आणि झाडावरच्या पक्ष्याला इंदू म्हणते मिठ्ठू. तिच्या लेखी पोपट उडतच नाही.

आणि मी? मला वाटायचं अख्खा महाराष्ट्र त्या शेंगांना पोपटच म्हणतो. शुद्ध, प्रमाण, पुस्तकी मराठी. पक्ष्यालाही पोपट म्हणतात हे ठाऊक होतं, पण ताटावर बसून कोणी पोपट म्हटलं की मला शेंगच दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू स्वयंपाकघरात एकटीच पुटपुटत होती. वाक्य पाठ करत होती, बिचारी. मग टोपली घेऊन बाहेर आली आणि क्लारासमोर उभी राहून एकेक शब्द तोलून म्हणाली, "आज पोपट तोडणार आहे. तुमच्यासाठी. भाजी करणार आहे."

एकही चूक नाही! मी लांबून मान डोलावली. इंदू लाजली आणि वाडीत गेली.

क्लारा माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक. तो तसाही पांढराच, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

"काका, काकू पोपटाची भाजी करतात?"

"हो तर! थंडीत दुसरं काय करणार?"

"आणि तुम्ही खाता?"

"लहानपणापासून! कोवळा पोपट सालासकट खायचा. जून झाला की मात्र सोलावा लागतो."

"सोलता?"

"हातानंच. सोपं असतं. दोन्हीकडची टोकं मोडायची, कडेची शीर ओढून काढायची आणि मधात तुकडा करायचा."

तिनं खुर्ची धरली. "किती लागतात?"

"आम्ही दोघंच असलो तर वीसपंचवीस पुरतात. पाहुणे असले की टोपलीभर."

"आणि ते आणता कुठून?"

"आणायचे कशाला? आपल्या वाडीतलेच! तुम्ही रोज सकाळी बघत बसता ना तिकडे? फार झाले की वाळवून ठेवतो. उन्हाळ्यात उपयोगी पडतात."

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "धन्यवाद, काका," आणि खोलीत गेली. मी मनात म्हणालो, वा, काय जिज्ञासा आहे पोरीची! आणि पेपर उघडला.

तासाभरानं आमचे शेजारी बिसेनभाऊ मोटारसायकल थांबवून ओरडले, "गुरुजी! तुमची थे गोरी पोरगी टेशनवर बसून राहिली ना! डोरे पुसून राहिली. झगडा झाला का घरी?"

खोलीत जाऊन बघतो तर लाल पिशवी नाही. अंथरुणाची नीट घडी, त्यावर चिठ्ठी. 'आदरणीय काका, माझ्या येण्याने काकूंची मनःशांती ढळली, हे मी जाणते. मला पोपट आवडतात असे मी म्हणाले आणि काकूंनी त्यांनाच मारायचे ठरवले. इतका राग मी कधी पाहिला नाही. मी जाते. कृपया पोपटांना सोडून द्यावे. आपली नम्र, क्लारा.'

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की 'मनःशांती'मधला विसर्ग बरोबर दिला आहे. दुसरा विचार असा की शेंगा तोडल्या म्हणून कोणी घर सोडून जातं का? आणि शेंगा मारतात कशा?

इंदूला चिठ्ठी वाचून दाखवली. तिला त्यातलं एवढंच ऐकू गेलं की पोरगी आपल्यामुळे गेली. "उपाशी गेली जी थे," ती म्हणाली. कढईतली भाजी डब्यात भरली, चार पोळ्या घेतल्या, पायात चपला अडकवल्या. "काहाडा स्कूटर!"

'काढा', असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तिनं बघितलं. मी स्कूटर काढली.

देवाची कृपा, गोंदियाची गाडी लेट होती. क्लारा फलाटाच्या टोकाला बाकावर बसली होती, पायाशी पिशवी, नाक लाल. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर इंदू माझ्या पुढं निघून गेली. जाताना तिनं एकदा मागं वळून बघितलं. बोलू का, असं विचारणारी ती नजर नव्हती. 'आता तुमी गप ऱ्हा', अशी होती.

आणि मग आठ दिवसांचं धरण फुटलं.

"काऊन जाऊन राहिली वो माय? सकारपासून पोटात काई नाई तुह्या! माहं काई चुकलं का? मले सुद बोलता येत नाई, मनून मी गप रायली वो! तुले वाढताना 'अजून घे ना पोरी' मनाले तोंड उघडलं का हे मास्तर डोरे वटारे. मी बोलली असती तं हे मनते का माही बोली जर्मनीत जाईन! माही बोली खराब असन, पन मन खराब नाई वो कला!"

क्लारा उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "हा आवाज... काकू, ती शेजारीण तुम्ही होता?"

"कोनती शेजारीन?"

मी स्टेशनच्या घड्याळाकडे बघू लागलो.

"काकू, परत बोला. सगळं. जरा हळू," क्लारा म्हणाली. आणि रडत रडत तिनं पिशवीतून वही काढली हो! एका हातानं नाक पुसते आहे, दुसऱ्या हातानं लिहिते आहे. "जाऊन राहिली... तुह्या... मनाले..."

मी घाईनं पुढं झालो. "थांबा, याचं शुद्ध रूप असं आहे की..."

"काका," ती म्हणाली, "मी हेच शिकायला आले आहे. प्रोफेसरांनी लिहिलं होतं ना? पत्राच्या दुसऱ्या पानावर?"

माझ्या डोळ्यांसमोर तो कॅलेंडरचा खिळा आला. मी खाली बघितलं.

"माझ्या आजीच्या गावची एक बोली होती," ती इंदूला सांगू लागली. "शाळेत ती बोललं की मास्तर छडी मारायचे. म्हणून मोठी झाल्यावर आजी घरातही ती बोलायची नाही. माझ्या आईला ती आली नाही, मला आली नाही. आजी गेली तेव्हा माझ्याजवळ तिचे फक्त चार शब्द होते."

चार शब्द. या, बसा, घ्या, झोपा.

मी छडी कधी मारली नाही हो, खरंच. पण फळ्यावर दहा वेळा लिहायला लावलेल्या सगळ्या पोरांचे हात मला त्या फलाटावर एकदम आठवले. आणि ती नवी नवरीसुद्धा. बत्तीस वर्षं आपण फार मोठं काम केलं, या भ्रमात होतो मी.

इंदूला आजीचं सगळं समजलं, पण तिचा जीव डब्यात. "आता जेव आधी." तिनं झाकण काढलं.

क्लारा दोन पावलं मागं सरकली. "काकू, तुमचा राग नाही हे समजलं. पण मी पोपट नाही खाऊ शकत."

"काऊन? आवडते मनली ना?"

क्लारानं एक डोळा मिटून डब्यात बघितलं. मग दुसरा उघडला. वांग्याच्या फोडी, हिरव्या शेंगा, वरून सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर, पेरलेला. "ह्या तर शेंगा आहेत!"

"पोपट," इंदू म्हणाली.

"पोपट," मीही ठामपणे म्हणालो.

"पण पोपट म्हणजे..." आणि त्या मुलीनं भर फलाटावर दोन्ही हात पसरून पंख हलवून दाखवले.

आमच्यामागून आलेले बिसेनभाऊ मटकन खालीच बसले. "अरे बाप रे! पोरीले वाटलं मिठ्ठूची भाजी! गुरुजी, काय सांगतलं तुमी तिले?"

काय सांगितलं होतं मी? एकेक वाक्य परत कानात वाजायला लागलं. सालासकट. शीर ओढून. वाळवून ठेवतो!

इंदू हसत सुटली. क्लारा हसली. हमाल हसले. मी मात्र तत्त्वाला धरून उभा. "पण क्लारा, पुण्यात तुम्ही या शेंगांना पोपट म्हणताना ऐकलं नाही?"

"नाही काका. पुण्यात वाल म्हणतात."

"सगळे?"

"सगळे. शब्दकोशातसुद्धा." मग ती जरा ओशाळून म्हणाली, "हा झाडीबोलीतला शब्द असेल. आणि मघाशी 'मध्ये'ला तुम्ही 'मधात' म्हणालात, तोही. मी लिहून ठेवला आहे."

इंदूचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हंजे तुमीबी," ती म्हणाली, "आमच्यातलेच होय का जी?"

मी म्हणालो, "होय जी."

गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि निघून गेली. क्लारा बाकावर बसून पोपट खात होती. इंदूनं तिसरी पोळी वाढली तेव्हा ती 'धन्यवाद' म्हणाली नाही. म्हणाली, "काका, पुण्याच्या मैत्रिणींनी मला पोपट या शब्दाचा आणखी एक अर्थ शिकवला होता. कोणाचा तरी पोपट होतो, तो. तेव्हा नीट समजला नव्हता. आज समजला."

कोणाचा झाला ते मी सांगायला हवं का?

उरलेले दिवस आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. इंदू बोलायची, क्लारा लिहायची, वाडीत कोंबड्यामागं दोघी मिळून ओरडायच्या. मला आत यायची मनाई होती. वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी होती, 'काकांचे शुद्ध शब्द'. मधात, सांभार, फल्ली (म्हणजे भुईमुगाची शेंग), पोपट. रोज जेवताना तीत भर पडायची. मी तोंड उघडायला घाबरू लागलो, तेव्हा कळलं इंदूचे ते आठ दिवस कसे गेले असतील.

निघायच्या दिवशी क्लारा इंदूच्या पाया पडली. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे तिला पुण्यात कळलं होतं. बाकीचं आमच्याकडे. ती गळ्यात पडून म्हणाली, "येऊन राहिली वो काकू." इंदूनं पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "येजो, माय."

आता दर गुरुवारी संध्याकाळी इंदू जर्मनीतल्या मुलांना झाडीबोली शिकवते, फोनवर, चित्रासकट. प्रोफेसर तिला 'इंदू मॅडम' म्हणतात. फोन धरायला माणूस लागतो, तो मी. हलवायचा नाही आणि मधात बोलायचं नाही, एवढ्या दोनच अटी.

परवा माझा हात चुकून चित्रात आला. एका मुलानं विचारलं, "मॅडम, मागे कोण बसून राहिले?"

इंदूनं पदर सावरला. माझ्याकडे बघितलं. आणि स्वच्छ, घडीव मराठीत, एकेक अक्षर नीट उच्चारून म्हणाली, "ते माझे यजमान. ते जरा अबोल आहेत."

दुरुस्त करण्यासारखं त्या वाक्यात काहीच नव्हतं हो. म्हणून मी आपला गप बसून राहिलो.